चाकाचा एक फेरा

"रोज एक फेरा. एक पुढे, एक मागे. आणि चाक जागेवर येईपर्यंत तोंडातून शब्द नको. कान पाइपाकडे हवा."

मामंजींचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. चाळीस वर्षं ते पाण्याच्या पंपघरात होते. तळघरातला, जादा पाणी सोडायचा मोठा व्हॉल्व्ह रोज हलवला नाही तर गंजून बसतो. मग टेकडीवरची टाकी तुडुंब भरेल त्या दिवशी तो उघडणार नाही आणि पाणी सरळ आमच्या खालच्या गल्लीत शिरेल. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी माझा हात धरून हे सांगितलं. मी हो म्हटलं. तिथं झाडलोटीला मीच होते, बाजूच्या दाराची किल्ली माझ्याकडेच असायची. तेव्हापासून पहाटे प्रार्थना, प्रार्थनेपासून मौन, आणि मौनातच फेरा. एकवीस वर्षं.

मग पंप थांबले, इमारतीचं कलादालन झालं आणि माझी किल्ली काढून घेतली. टाकीचा जोड अजून आहे का, हे विचारायला मी कचेरीत गेले. एका खिडकीवर म्हणाले, तोडलाय. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, नकाशाच सापडत नाही, तुमच्याकडे असला तर आणून द्या.

दालन उघडलं त्या दिवशी दहा वाजता मी रांगेतून आत गेले. प्रार्थनेपासून गप्पच होते. तळघरात चाकाला लाल रंग दिला होता, वर पांढरा झोत. आणि पाण्याचा आवाज! टाकी भरली की काय! धावत जाऊन चाक धरलं. पूर्ण फिरवलं तरी आवाज तेवढाच. मागे आणू लागले तरी तेवढाच. व्हॉल्व्ह धरतोय की नाही, काही उमजेना.

"आजी, तुम्ही कोणत्या संस्थेकडून?" मागून कुणीतरी विचारलं. चाक अजून जागेवर आलं नव्हतं, मी कशी बोलणार? फेरा संपला, मी हात जोडले, आणि पंचवीस-तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी चाकाशेजारी पाटी होती : "मौन फेरा. रोज सकाळी दहा वाजता. कलाकार : अनाम."

घरी येऊन वन्संना सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला.

"वहिनी, एकवीस वर्षं फुकट राबलीस, आता कुठं कलाकार झालीस!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "बाबांनी पण बघ, पोटच्या पोरीला सोडून सुनेला सांगितलं."

"तुम्ही तेव्हा बोलायचं थांबत नव्हता, वन्सं."

"ते खरंय," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

आठवडाभर मी दहा वाजता जात राहिले. टाळ्या वाजत राहिल्या. खोटं कशाला बोलू, टाळ्या वाजल्या की आत कुठंतरी बरं वाटायचं, आणि तेच खुपायचं. मी शब्द पाळत होते की खेळ करत होते? प्रार्थनेला बसले तरी डोळ्यांपुढे ती पाटीच यायची.

शेवटी फेरा संपल्यावर दालनाच्या संचालिकाबाईंना गाठलं.

"बाई, हे पाणी खरं आहे का हो?"

"कुठलं पाणी? तो स्पीकर आहे आजी. तीन स्पीकर."

"मग पाइपातलं खरं पाणी ऐकू कसं येणार?"

"पाइपात पाणी आहे?" आता गोंधळायची पाळी त्यांची होती. "आम्हाला तर सांगितलं, सगळं तोडलंय."

"मलाही सांगितलं. शेजारच्या खिडकीनं नाही सांगितलं."

त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तुम्ही हे… खरंच फिरवता?"

मी मामंजींचं सगळं सांगितलं. मग त्यांनी पर्समधून बाजूच्या दाराची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "सकाळी साडेसहाला इथं कुणी नसतं. स्पीकरही बंद असतो. मी तोवर नकाशा शोधायला लावते. पण आजी, दहा वाजताही याल ना? लोक विचारतात हो."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आधीचं एक हो निभावताना माझी ही गत झाली होती.

आज पहाटे प्रार्थना आटोपली. किल्ली पदराला बांधली, चपला घालायला वाकले, तोच मागे वन्सं उभ्या.

"वहिनी, मी येऊ? एक अक्षर बोलणार नाही. आईशप्पथ."

माझं मौन सुरू झालं होतं. मी त्यांच्या चपला उचलल्या, उंबऱ्याबाहेर सरळ मांडून ठेवल्या आणि हळूच कडी काढली.