अख्खा निघालेला स्टड

मी एक जुना स्टड आहे. मित्रांनो, हे नाव तुम्ही ऐकले नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. बोटाएवढी लांबी आणि दोन्ही टोकांना आटे, एवढाच माझा देह. मोटारीच्या इंजिनातून जळका धूर बाहेर पडतो, त्या तोंडावर मॅनिफोल्ड नावाची बिडाची जाड नळी बसवलेली असते. तिला इंजिनाशी घट्ट धरून ठेवणारे आम्ही आठ भाऊ होतो. प्रत्येकाचे एक टोक इंजिनात रुतलेले, दुसऱ्यावर नट आवळलेला. मी सर्वांत मागचा. तिथे हात पोचणे अवघड, म्हणून सहसा कुणी पोचतही नसे.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर चकाकी होती. ती लवकरच गेली. आमची गाडी वाहन शिकवणाऱ्या शाळेची. शिकाऊ माणूस क्लच झटक्यात सोडी, इंजिन आचका देऊन बंद पडे, पुन्हा सुरू होई. तापायचे, निवायचे आणि पुन्हा तापायचे, हेच माझे आयुष्य. एकदा एका शिकाऊ गृहस्थांनी तापलेली गाडी थेट डबक्यात घातली. त्या गार फटक्यानंतर मला फारसे काही जाणवेनासे झाले. गंज कधी चढला, समजले नाही. नट कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो, हेही उमगेनासे झाले. परवाना मिळालेली माणसे शिकवणाऱ्या बाईंना फुले देत, जाताना बॉनेटवर थोपटत. बॉनेटखाली कोण आहे, हे विचारण्याची गरज कुणाला पडली नाही. मला त्याचे वाईट वाटले असावे. आता आठवत नाही.

मग मॅनिफोल्डला तडा गेला. धूर गाडीत शिरू लागला, शिकाऊंची डोकी दुखू लागली. बाईंचे दीर मेकॅनिक. त्यांनी मॅनिफोल्डच्या जागी बसवायला लांब नळ्यांचा नवा हेडर आणला. तो बसवण्यासाठी आम्हाला काढणे भाग होते. स्टड मध्येच तुटला, तर त्याचे अर्धे अंग इंजिनात अडकते आणि सारे इंजिन उघडावे लागते. नवऱ्यामागे बाईंनी एकटीने चालवलेल्या शाळेत दुसरी गाडी नव्हती. इंजिन उघडले, की शाळेला कुलूप.

काही दिवस रोज आमच्यावर गंज सोडवणारे तेल घातले गेले. माझे भाऊ निघाले. मी हललो नाही.

"वहिनी, हा मागचा महा अडेलतट्टू आहे. जोर यायला पान्याला पाइप लावतो आणि देतो एक हिसका. इकडे, नाहीतर तिकडे."

"तिकडे गेला तर?"

दिरांनी पाइप उचललाच.

"पाइप खाली ठेवा, भाऊजी. तुमच्या भावाचीही हीच तऱ्हा. गिअरसुद्धा कानफटात मारल्यासारखा टाकायचे."

"मग काय, याची समजूत घालत बसू?"

"घाला. मी रोज दुसरं काय करते?"

दिरांनी गॅसची ज्योत नटाभोवती फिरवली. नट लाल झाला. मला ती ऊब फार दुरून आल्यासारखी वाटली. बाई दिरांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि शिकाऊंशी बोलतात त्या आवाजात सांगू लागल्या.

"आधी किंचित आवळा. हं. आता उलटा, केसभर. थांबा. परत मागे."

"मिशी फुटायच्या आधीपासून गाड्या खोलतोय मी, वहिनी."

"मग आतापर्यंत हळू सोडायला शिकायला हवं होतं. तेल घाला."

मी करकरलो. दिरांचा हात थबकला.

"वहिनी, पाना रबरासारखा लागतोय. आता पिळवटून तुटणार हा."

"मग मागे घ्या. निवू द्या त्याला."

दोघांनी चहा घेतला. चहा संपला तरी बाई कप हातातच धरून होत्या. पुन्हा ज्योत, पुन्हा तेल, पुन्हा केसभर पुढे आणि तेवढेच मागे. आणि मी फिरलो. नट सुटला नाही. त्याच्यासकट मीच इंजिनातून आटा आटा करत बाहेर आलो. ना वेदना झाली, ना आनंद.

"अख्खा निघाला!" दीर ओरडले. आयुष्यात माझ्याविषयी निघालेला हा पहिला कौतुकाचा शब्द. बाईंनी बाहीने कपाळ पुसले आणि एका शिकाऊला फोन लावला. "उद्याचा तास होणार आहे. या तुम्ही."

आता मी खिडकीत एका डब्याच्या झाकणात पडून आहे. नट अजून माझ्या अंगावर आहे. आम्ही बोलत नाही. मला न तोडण्यासाठी एवढे कष्ट घेतले, ते इंजिनासाठी होते, माझ्यासाठी नव्हते, हे मला समजते. समजूनही काही होत नाही.

पण एक गोष्ट मी पाहिली आहे. माझ्या जागी नवा स्टड बसवण्यापूर्वी दिरांनी भोक स्वच्छ केले आणि नव्याच्या आट्यांना बोटाने तांबूस लेप लावला, गंज धरू नये म्हणून. मला कुणी तसा लेप लावला नव्हता. मित्रांनो, काहीही घट्ट जोडाल, तेव्हा एवढे करा. जोडतानाच, ते कधीतरी सोडवायला येणाऱ्या अनोळखी हाताचा विचार करा. तो लेप लावायला क्षणभरच लागतो. आणि तो जोडण्याआधीच लावता येतो, नंतर नाही.