ठमीचा टॉवेल

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. रंग विचारू नका. एके काळी मी गडद निळा होतो. आता फक्त शिवणीच्या आत तेवढा निळा उरलो आहे.

मी गिरणीत विणला गेलो. माझ्यासारखे पुष्कळ जण एकाच लांब ताग्यात जोडलेले होते. मग कात्री चालली आणि आम्ही सुटे झालो. दुकानात एका घड्याळजींच्या बायकोने मला गालावर घासून पाहिलं आणि म्हटलं, "हा चालेल." एवढीच माझी परीक्षा झाली.

सुरुवातीची वर्षं मी घड्याळजींची पाठ पुसली. पुढे माझ्या कडा उसवल्या, मधोमध विरलो. घड्याळजी म्हणाले, "आता याचं फरशीचं फडकं कर."

"तुम्हीही मधोमध विरलाय, डोक्यावर," बाई म्हणाल्या. "तुम्हाला टाकलं का मी?"

आणि त्यांनी मला ठमीला देऊन टाकलं. ठमी म्हणजे त्यांची राखाडी मांजर. तिची नखं कापायची असली, औषध द्यायचं असलं, की बाई मला पलंगावर पसरत आणि तिला मधे बसवत. आधी माझी डावी बाजू तिच्या अंगावरून ओढून पोटाखाली खोचत, मग उजवी. वर फक्त डोकं राही. हात चालू, तसं तोंडही चालू, "झालं गं बाई, झालं. कोण शहाणं? आमची ठमी शहाणी." शेजारीण आली की सांगत, "नवे टॉवेल निसरडे मेले. हिला धरावं तर यानंच." मित्रांनो, एवढं कौतुक मी नवा असतानाही कुणी केलं नव्हतं.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

शेवटच्या दिवसांत थंडी वाजते म्हणून त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं. त्यामुळे घड्याळजींनी मला धुवायला टाकलं नाही. न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला टांगलं. रोज सकाळी ते यायचे, माझ्यात तोंड खुपसायचे आणि निघून जायचे. मुलगी म्हणाली, "बाबा, धुऊन टाकते." ते म्हणाले, "हात लावू नकोस." तिकडे गॅलरीत बाईंच्या कुंड्यांना कुणी पाणी घालत नव्हतं. झाडांच्या नुसत्या काटक्या उरल्या.

त्याच काटक्यांत ठमी पालीच्या मागे घुसली आणि एक काटकी तिच्या डोळ्याला लागली. डोळा लाल झाला, त्यातून पाणी येऊ लागलं. ती तो अर्धा मिटूनच ठेवी. घड्याळजींनी कपाटातून बाईंचे थेंब काढले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची ती बाटली त्यांनी बाईंच्या चष्म्याशेजारी जपून ठेवली होती. "तिला गुण आला, तुलाही येईल," ते ठमीला म्हणाले. आणि खरंच, लाली उतरली. जणू बाईंनीच औषध दिलं, असे ते खूश झाले. पण पुढे त्या डोळ्यावर दूध सांडल्यासारखा पांढरा डाग पडला आणि तो वाढत गेला.

शेवटी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, ठमीला माझ्यात गुंडाळलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"डोळ्यात काही घातलंत का?" त्यांनी विचारलं. घड्याळजींनी बाटली टेबलावर ठेवली.

"आजोबा, यात स्टेरॉइड आहे. यानं लाली जाते, पण आत बुरशी असली तर तिला रान मोकळं मिळतं."

त्यांनी ठमीचा डोळा बधिर केला, अलगद खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मग घड्याळजींना पाहायला दिलं. घड्याळजी बराच वेळ वाकून होते. "धागे आहेत," ते म्हणाले. "घड्याळाच्या स्प्रिंगहून बारीक. डोळा वाचेल का?"

"आत्ता सांगता येत नाही. हे दुसरे थेंब दिवसातून पुष्कळदा घालायचे, काही आठवडे. चुकवायचे नाहीत. आणि हा टॉवेल डोळ्याजवळ नको. ओलीनं काळे ठिपके पडलेत बघा. उकळून, उन्हात वाळवून मगच वापरा."

"त्याला तिचा वास आहे," घड्याळजी म्हणाले.

"मग दुसरा घ्या, आजोबा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

बाटली घड्याळजींनी परत मागितली नाही.

घरी त्यांनी नवा टॉवेल काढला. ठमी त्यातून माशासारखी निसटली. थेंब त्यांच्या बाहीवर पडला, ओरखडे हातावर. ती पलंगाखाली गेली आणि थोड्या वेळाने येऊन, मी जमिनीवर पडलो होतो तिथे, माझ्यावर बसली. घड्याळजींनी तिला उचलून बाजूला ठेवलं आणि मला नाकाशी नेलं.

"ओलीचाच वास येतोय," ते म्हणाले.

मला ते केव्हाच कळलं होतं. बाईंचा वास माझ्यातून कधीच उडाला होता. पण मी सांगणार कसं?

त्यांनी मला उकळत्या पाण्यात टाकलं. उन्हात वाळवलं. मग पलंगावर पसरून आधी उजवी बाजू ओढली. ठमीने पाय बाहेर काढला. त्यांचे हात थबकले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आधी डावी, पोटाखाली खोचून. मग उजवी. आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "झालं गं बाई, झालं. कोण शहाणं?"

ठमी गप्प राहिली. थेंब बरोबर डोळ्यात पडला.

मग मला रोजचं काम, रोजचं ऊन. घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून ते दररोज डाग पाहत. तो हळूहळू आटत गेला. आता राईएवढी पांढरी खूण राहिली आहे, पण ठमीला त्या डोळ्याने दिसतं. पाली सावध असतात. कुंड्यांनाही पाणी मिळतं.

मित्रांनो, तुमच्या मांजराचा डोळा पाणावला तर घरातल्या कुणाचे थेंब घालू नका, आधी डॉक्टरांकडे न्या. आणि गेलेल्या माणसाच्या वस्तू खिळ्याला टांगून ठेवू नका. आम्हाला वापरा, धुवा, उन्हात घाला. आम्हाला तेच बरं वाटतं.

परवा मुलगी आली होती. घड्याळजी ठमीला गुंडाळत असताना ती दारात उभी राहून पाहत होती. "बाबा," ती म्हणाली, "अगदी आईसारखं करता हो तुम्ही."

ठमीला सोडल्यावर घड्याळजींनी माझ्या कोपऱ्याने आपले डोळे पुसले आणि मला धुवायला टाकलं.