धाकटीचं आमेन

दवाखान्याच्या धुलाईघरात एकाच घरातल्या दोघी कामाला होत्या, म्हणून त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. थोरली म्हणजे नणंद, धाकटी म्हणजे भावजय. थोरलीने लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, त्याचं लग्न तिनेच लावून दिलं आणि भावजयीला या नोकरीत चिकटवलं तेही तिनेच. तोंडाने फटकळ, पण हाताने उदार अशी बाई. धाकटी स्वभावाने वाईट नव्हती, तिला भीती फार होती इतकंच. कुणी जरा आवाज चढवला की हिची मान आत. बायांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. त्या म्हणीत पुढे पोटातल्या पायांचंही काही आहे, पण तेवढं कुणी म्हणत नसे, कारण ते हिला लागू पडेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

धुलाईघर तळघरात होतं. तिथे वाफेवर तापणारी मोठी इस्त्री होती: माणसाच्या उंचीपेक्षा लांब असा रूळ, तो सारखा फिरत असायचा. ओली चादर दोन हातांनी ताणून त्याच्या तोंडाशी द्यायची, तो ती ओढून घ्यायचा आणि पलीकडून कोरडी, कडक चादर बाहेर पडायची. तोंडासमोर एक आडवी लोखंडी दांडी लोंबत असे. हात चुकून आत जायला लागला तर आधी दांडीला धक्का बसे आणि यंत्र जागच्या जागी थांबे. पण जाड चादरीची शिवणही दांडीला लागायची आणि यंत्र उगाच थांबायचं. काम तुंबलं की मुकादम जुन्या चादरीची एक पट्टी टरकन फाडायचा आणि दांडी वर बांधून टाकायला सांगायचा. थोरली समोर असली तर त्याची ही हिंमत होत नसे. माझे हात मला देवाने दिलेत, तुमच्या चादरींसाठी नाही दिले, असं तिने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं.

म्हणून त्या दिवशी तिची पाठ वळायची त्याने वाट बघितली. ती मळक्या कपड्यांची ढकलगाडी आणायला वरच्या मजल्यावर गेली आणि त्याने पट्टी धाकटीच्या अंगावर फेकली. धाकटीने दांडी बांधली. चांगल्या तीन गाठी मारल्या. थोरली परत आल्यावर तिला सांगायचं तिच्या मनात होतं, अगदी ओठांवर होतं, पण मुकादम तिथेच उभा होता. वाफेत वर बांधलेली दांडी थोरलीच्या ध्यानात आली नाही. ती आपल्या जागी उभी राहिली आणि चौथ्या की पाचव्या चादरीला तिचा उजवा हात आत गेला.

मुकादमाने मुख्य खटका पाडला. सगळ्या बाया थोरलीकडे धावल्या. मुकादमाने आधी धाकटीकडे बघितलं, मग वर पट्टीकडे बघितलं. धाकटी गाठी सोडवायला लागली. दोन सुटल्या. तिसरी घट्ट बसली होती, ती तिने दातांनी सोडवली. पलीकडे थोरली ओरडत होती आणि ही दातांनी गाठ सोडवत होती. पट्टी तिने पदराआड कोंबली, मग थोरलीकडे गेली.

हात मनगटाच्या वरून कापावा लागला. चौथ्या दिवशी थोरलीचा ताप उतरला. त्या दिवसाचं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मुकादम म्हणत होता की बाईने चादर सरळ करायला बाजूने हात घातला. थोरलीचा मुकादमावर काडीचा विश्वास नव्हता. तिने भावजयीला जवळ बोलावून विचारलं, "दांडी खाली होती ना गं?"

"होती, ताई," धाकटी म्हणाली.

झालं. धाकटी खोटं बोलत नाही, तेवढंही धैर्य तिच्यात नाही, असं थोरली आजवर सगळ्यांना हसत सांगत आली होती. तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या घरात रोज संध्याकाळी दिवे लागले की उपासना व्हायची. धाकटीचा नवरा रंगारी होता. कामावरून येऊन तो बोटांवरचा रंग खरवडत बसायचा, मग पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला एखादा भाग वाचायचा. नंतर थोरली प्रार्थना करायची. घरची वडीलधारी तीच. दवाखान्यातून आल्यापासून तिच्या प्रार्थनेत एक नवीन वाक्य आलं होतं. आजारी शेजाऱ्यांचं, भावाच्या पाठदुखीचं सगळं झालं की ती थोडी थांबायची आणि म्हणायची, "प्रभू, माझ्या निष्काळजीपणाची मला क्षमा कर. माझ्या हाताने मी या घरावर ओझं आणलं." मग सगळ्यांनी आमेन म्हणायचं. धाकटीचा नवरा म्हणायचा आणि धाकटीही म्हणायची.

पहिल्या दिवशी ते आमेन तिच्या घशात अडकलं होतं. आठवडाभराने अडकेनासं झालं. माणसाला कशाचीही सवय होते, आणि चांगल्यापेक्षा वाइटाची लवकर होते.

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. ती देवाकडे रोज धैर्य मागायची. आधी धैर्य दे, मग बोलते, असा तिचा करार होता. भांडी घासताना ती पोटात काही हलतंय का, काही ऊब येतेय का याची वाट बघायची. काही यायचं नाही. आलं नाही म्हणजे देवाची वेळ झाली नाही, असं ती स्वतःला समजवायची. आता देवाच्या नावावर किती खपवायचं याला काही मर्यादा? पण भित्र्या माणसाला देव सोयीचा पडतो, उलट बोलत नाही ना. चर्चच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी भीतीवर तासभर उपदेश केला, मंचावर मुठी आपटल्या. तेच पाळकसाहेब थोरलीला भेटायला आले तेव्हा शेजारचं कुत्रं बांधेपर्यंत रस्त्याच्या पलीकडेच उभे होते. धाकटीला ते बघून बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पट्टी तिने शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवली होती. फेकायला म्हणून ती दोनदा हातात घेतली होती, पण फेकवली नाही.

चार महिने असे गेले. मग दवाखान्याकडून कागद आला. बाहेरून एक तपासनीस बाई येणार होत्या, गुरुवारी प्रकरण मिटवायचं होतं. अपघात माझ्या चुकीने झाला, असं थोरलीने लिहून द्यायचं होतं. थोरलीने अंगठा लावायला साफ नकार दिला. आपण शिकलेली बाई आहोत, सही करू, म्हणाली. त्या दिवसापासून ती दुपारभर जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला डाव्या हाताने आपलं नाव गिरवत बसायची. अक्षरं लहान मुलासारखी यायची, ओळ सोडून खाली घसरायची. ती जीभ दातांत धरून पुन्हा लिहायची. धाकटी कामावरून आली की तिला दाखवायची. आजचं कालच्यापेक्षा बरं आहे ना, विचारायची. धाकटी म्हणायची, बरं आहे.

बुधवारी धुलाईघरात थोरलीच्या जागी नवीन बाई उभी होती. पोरसवदा, नुकतीच बाळंतपणातून उठलेली, दर तासाला घरी बाळ काय करत असेल म्हणून घड्याळ बघणारी. काम तुंबलं होतं. ती पाणी प्यायला गेली आणि मुकादमाने पट्टी फाडली.

धाकटी नाही म्हणाली असती तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती. ती नाही म्हणाली नाही. तिने दांडी बांधली, हात आपले आपणच करत होते. नवीन बाई आली, चादर ताणून रुळाच्या तोंडाशी धरली, आणि धाकटीला त्या बाईचं तोंड दिसेनासं झालं, नुसते हात दिसायला लागले. संध्याकाळपर्यंत तिने ते हात बघितले. कामाची पाळी संपली तेव्हा ते दोन्ही जागेवर होते.

त्या संध्याकाळी नवऱ्याने वाचन केलं. थोरलीने प्रार्थना केली. शेजारी झाले, पाठदुखी झाली, मग ती थांबली आणि ते वाक्य आलं. त्यात आज आणखी एक भर होती: उद्या सही करताना माझा हात थरथरू देऊ नकोस. नवरा आमेन म्हणाला.

धाकटी म्हणाली नाही. थोरलीने डोळे उघडले.

आपल्याला एकदम धैर्य आलं, असं धाकटी पुढेही कधी म्हणाली नाही. काही आलं नव्हतं. भीती होती तेवढीच होती. फक्त त्या वाक्यावर आमेन म्हणणं आता तिला जमेना. ती उठली, शिवणाचा डबा आणला, पट्टी काढून थोरलीच्या मांडीवर ठेवली.

"दांडी बांधलेली होती, ताई. मी बांधली होती."

मग तिने सगळं सांगितलं. मुकादमाचंही सांगितलं, पण त्याच्या आड लपली नाही, गाठी किती होत्या तेसुद्धा सांगितलं. नवरा उठला आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. थोरली डाव्या हाताने पट्टी चाचपत होती. एका टोकाला दातांच्या खुणा होत्या.

"मी ओरडत होते तेव्हा तू कुठे होतीस?" तिने विचारलं.

"दांडीपाशी."

थोरलीने पट्टी मांडीवर पसरून ठेवली. तिला रडू आलं नाही. मग म्हणाली, "चार महिने मी देवापुढे नाक घासलं. तू ऐकत होतीस."

"हो."

"आणि आमेन म्हणत होतीस."

"हो, ताई."

थोरली भिंतीला धरून आत गेली. धाकटी तिथेच बसून राहिली, नवरा कधी परत आला तेही तिला कळलं नाही.

सकाळी ती फणी घेऊन थोरलीकडे गेली. एका हाताने वेणी घालता येत नाही, त्यामुळे चार महिने रोज तीच घालून द्यायची. थोरलीने डोक्याला आधीच फडका गुंडाळला होता. गाठ जमली नव्हती, एक टोक दातांनी ओढून खोचलं होतं.

"मी सही करायला येत नाही," ती म्हणाली. "तू जा. तिथे काय सांगतेस ते मला संध्याकाळी कळेलच."

धाकटी एकटी निघाली. रस्त्यात तिने देवाकडे काही मागितलं नाही. मागायची लाज वाटत होती. फक्त चालता चालता एकदा म्हणाली, मी पळून जाईन, मला धर.

कचेरीत तपासनीस बाई होत्या, दवाखान्याचे साहेब होते, मुकादम दाराशी होता. तुमच्या नणंदेने येणं टाळलं, असं साहेब धाकटीला म्हणाले, बहुधा तब्येत बरी नसेल, कागद घरी पाठवू. मुकादमाने धाकटीकडे त्या दिवशीसारखंच बघितलं. तिची मान आत गेली. ती क्षणभर आत राहिली आणि तशाच खाली घातलेल्या मानेने धाकटी बोलली. आवाज इतका बारीक की तपासनीस बाईंना दोनदा विचारावं लागलं, त्यामुळे तिला ते तीनदा सांगावं लागलं. पट्टी टेबलावर ठेवली. आत्ता खाली जाऊन बघा, म्हणाली, आजही दांडी बांधलेली असेल, तिथे तान्ह्या बाळाची आई उभी आहे.

तपासनीस बाई खाली गेल्या. इस्त्री बंद झाली. मुकादम म्हणाला, मी कुणाला बांधायला सांगितलं नाही, हिनेच बांधली, हिनेच कबूल केलंय. त्यातलं अर्धं खरं होतं आणि तेवढं कागदावर आलं. पुढे चौकशी तुमच्यावरही होईल, असं तपासनीस बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. उद्यापासून येऊ नका, हे साहेबांनी सांगितलं. बाया तिच्याकडे बघेनात. गाठी त्यांनीही कधीमधी मारल्याच होत्या. एकजण मात्र जाता जाता पुटपुटली, गोगलगाय आणि पोटात पाय. धाकटीला ते लागलं, पण खोटं वाटलं नाही. नवीन बाई काही न कळून यंत्राशेजारी उभी होती, दोन्ही हात पदराला पुसत.

घरी येऊन तिने काय झालं ते सांगितलं. थोरलीने ऐकून घेतलं. वर्तमानपत्राचे गिरवलेले कागद केराच्या टोपलीत पडले होते.

दिवे लागले. नवऱ्याने पुस्तक उघडलं. वाचन संपलं आणि थोरलीने डोळे मिटले. शेजाऱ्यांचं झालं. भावाच्या पाठीचं झालं. मग ती नेहमीच्या ठिकाणी थांबली, आणि या वेळी फार वेळ थांबली.

"प्रभू," ती म्हणाली, "हिला मी क्षमा केलेली नाही. माझ्याच्याने होत नाही. पण करायची आहे, हे तुझ्यापुढे सांगून ठेवते. तोवर हिला तू सांभाळ."

नवऱ्याने पुस्तक मिटलं. धाकटीचा आवाज या वेळी बारीक नव्हता, शेजारच्या खोलीतही ऐकू गेला असेल.

"आमेन," ती म्हणाली.