पलंगाच्या उशाशी फ्रिज

"चमचा वाकला तर राहीन," मी नवऱ्याला, ऑर्व्हिलला स्पष्ट सांगितलं होतं. "नाहीतर उद्या सकाळच्या बसने मी चालले व्हर्नाकडे, कायमची."

चमचा म्हणजे आइस्क्रीममध्ये खुपसायचा चमचा; ते घट्ट गोठलं तरच तो वाकणार. आमच्या मोटारघरातला फ्रिज गॅसवर चालायचा आणि त्याचे नखरे नव्या नवरीचे. गाडी जरा कलती उभी राहिली की हा रुसलाच. सपाट जागा मिळाली तरी आइस्क्रीम आपलं प्यायचंच. नोकऱ्या संपल्यावर घर विकून आम्ही चाकांवर राहायला आलो ते ऑर्व्हिलच्या हौसेपायी. मलाही रस्ता आवडायचा, खोटं कशाला बोलू? पण ओमाहाहून माझी धाकटी बहीण व्हर्ना दर रविवारी फोनवर टोमणा मारायची, "ताई, स्वयंपाकघरात एक फ्रिज आणि गॅरेजमध्ये बिअर ठेवायला जुना एक, एवढंही नाही ते घर कसलं गं? तुझी खोली तयार आहे हं." ते मला फार लागायचं.

ऑर्व्हिल घाबरला. त्याने घरात ठेवतात तसला चांगला दांडगा फ्रिज मागवला. जुन्याची जागा मोजली, नव्याची उंची मोजली, गाडीचं दार मोजायचं राहिलं.

दुपारी दुकानाचा ट्रक आला, तोवर आमच्या मोटारघरांच्या तळावरची सगळी मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन हजर. हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाच्या या वाळवंटात कुणी नुसता स्क्रू पिळला तरी बघायला गर्दी होते. शेजारच्या मेव्हिसने माझं दूध, अंडी, टर्की स्वतःच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं आणि येताना चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाचं, भलंमोठं पातेलं घेऊन आली.

फ्रिज दारात अडकला.

"पोट आत घे म्हणावं त्याला!" मेव्हिस ओरडली.

"दार मोजलं नव्हतंस का रे?" तिच्या नवऱ्याने, क्लेटनने विचारलं.

"रोजचं दार, त्यात काय मोजायचं?" ऑर्व्हिल म्हणाला. "मी जातो की त्यातून."

"तू जातोस हेच नवल आहे," मी म्हटलं.

क्लेटनचं सगळं आयुष्य अग्निशामक दलात गेलेलं. खिडकी दिसली की त्याचे हात शिवशिवतात. जेवणाच्या टेबलामागची मोठी खिडकी त्याने चौकटीसकट काढली. जुना फ्रिजही दारातून जाणारा नव्हता, तो आधी त्याच खिडकीतून बाहेर काढायचा होता, पण ट्रकवाला घाई करायला लागला. म्हणून जुना तात्पुरता झोपायच्या खोलीत ढकलला आणि नवा खिडकीतून आत घ्यायचं ठरलं. मग जो गोंधळ झाला! प्रत्येक जण हुकूम सोडत होता, ऐकणारा कुणीच नव्हता. कुणाची टोपी फ्रिजखाली गेली, कुणाचा कुत्रा फ्रिजच्या आधी खिडकीतून आत गेला. शेवटी फ्रिज आपल्या जागी बसला, दिवा लागला आणि म्हातारेकोतारे शाळेतल्या पोरांसारखे नाचले. त्याच भरात खिडकी परत बसवली आणि चौकटीच्या फटींना काळं चिकट सीलंट फासलं.

"उद्यापर्यंत कुणी बोट लावायचं नाही," क्लेटनने दम भरला.

चिलीवर ताव मारून झाला. सूर्य टेकला तशी मी सगळ्यांसमोर नव्या फ्रिजमधून आइस्क्रीमचा डबा काढला आणि चमचा खुपसला. तो सरळ तळाला गेला.

"अगं, नव्या फ्रिजला एक रात्र तरी दे," ऑर्व्हिल काकुळतीला आला.

"शब्द म्हणजे शब्द," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण चमचा आणखी एकदा खुपसून बघितला. मागे वळून न बघता मी बॅग काढायला आत गेले.

माझी बॅग कपाटात. आणि कपाटाच्या दाराला पाठ लावून जुना फ्रिज उभा.

"ऑर्व्हिल!"

तो धावत आला. फ्रिज बघितला, मग त्या चिकटवलेल्या खिडकीकडे बघितलं. "मेलो," तो म्हणाला.

"मुद्दाम केलंस?"

"तुझी शपथ, विसरलो गं. आम्ही सगळेच विसरलो."

त्याच्या नाकाला सीलंट, केसात वाळू, डोळ्यांत पाणी. मला हसू फुटलं ते आवरेचना. हसता हसता पलंगावर बसले. या माणसाला सोडून मला कुठेही जायचं नव्हतं. तिथूनच व्हर्नाला फोन लावला.

"माझी खोली देऊन टाक कुणाला तरी."

"का गं ताई? नवा फ्रिज चालला वाटतं?"

"ते उद्या कळेल. पण जुनाही आहे ना आमच्याकडे."

"जुना? गॅरेज कुठेय तुम्हाला?"

"माझ्या उशाशी," मी म्हटलं.

ऑर्व्हिल बाहेर गेला, बिअरचे डबे घेऊन आला आणि एकेक करून जुन्या फ्रिजमध्ये रचायला लागला.