पाहुण्यांसाठी घेतलेली खाट

मी एक घडीची खाट. लोखंडी सांगाडा, नायलॉनच्या पट्ट्या, मधोमध बिजागऱ्या. दुकानात माझ्यासारख्या ढीगभर होत्या. पण मला जिने नेलं तिने घासाघीस केली नाही. "देवाच्या वाट्यातून घेतेय, यात काटकसर नको," म्हणाली. दुकानदार गोंधळला आणि बांधायची दोरी फुकट देऊन बसला.

ती नर्स, तिचा नवरा घड्याळजी. दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. एका संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर दोघं पुढचा विचार करायला बसली. त्याला स्वतःचं घर हवं होतं. तिलाही हवं होतं, पण ती म्हणाली, पहिला वाटा प्रभूचा, आणि तोही नुसता दानाच्या थैलीत टाकून हात झटकायचे नाहीत. तिच्या इस्पितळात परगावच्या रुग्णांचे नातेवाईक व्हरांड्यात फरशीवर झोपत. त्यांच्यासाठी बाहेरची खोली ठेवायची असं ठरलं. म्हणून घरासाठी बचत सुरू होण्याआधी मी आले.

ते माझे मानाचे दिवस. एक म्हातारा असा घोरायचा की घड्याळजी सकाळी त्याला म्हणाला, "बाबा, प्रभूनं पाहुणा पाठवला ते ठीक, पण सोबत भोंगा कशाला?" म्हातारा पोट धरून हसला आणि बायको बरी होईपर्यंत राहिला.

मग घरांच्या किमती चढू लागल्या. बाहेरची खोली भाड्याने दिली तर घर लवकर होईल, मग तिथे पाहुण्यांना ऐसपैस जागा देऊ, असं घड्याळजी म्हणाला. त्यात वाईट काहीच नव्हतं, म्हणून तिनेच माझी घडी घातली. मी कपाटामागे गेले. कमाईचा दशांश चर्चमध्ये न चुकता पोचत होता, त्यामुळे दोघांना झोपही चांगली लागत होती. अंधारात उभी राहून मी मात्र शरमत होते. जिच्यावर कोणी झोपत नाही तिला खाट कशाला म्हणायचं?

घर झालं. पाहुण्यांची खोलीही झाली. पण आधी पडदे यायचे होते, मग नव्या फरशीवर माझ्या पायांचे चरे पडतील अशी धास्ती. बैठकीच्या कोपऱ्यात माझ्यावर जुन्या गोधड्यांचा ढीग चढला.

नव्या घरासाठी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली तेव्हा चर्चची मंडळी जमली. पाळकसाहेबांनी नर्सबाईला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायला, सांगितलं. ती उभी राहिली. "आम्ही पहिला वाटा प्रभूला दिला," एवढं म्हणाली आणि थांबली.

मग खाली बघत म्हणाली, "आज ड्यूटीवरून येताना व्हरांड्यात झोपलेल्या एका बाईला ओलांडून आले. तिला पाय लागू नये म्हणून फार जपलं. तेवढीच माझी दया. आणि इथे खोली रिकामी आहे."

साक्ष संपली की आमेन म्हणतात. कोणी म्हणेना. घड्याळजी बोटांच्या नखांकडे बघत बसला होता. तो उठला, बायकोकडे न बघता म्हणाला, "कुठला वॉर्ड?" आणि स्कूटरची चावी घेऊन गेला. इतक्या वर्षांत मी त्याचे कान असे लाल झालेले पाहिले नव्हते.

तो येईपर्यंत मंडळींनीच मला बाहेर ओढलं. माझ्या बिजागऱ्या किंचाळल्या. पाळकसाहेबांनी धूळ झटकली आणि शिंकून बेजार झाले, तरी कोणी हसलं नाही.

ती बाई दारात आली. चप्पल बाहेर काढली, खोलीकडे बघितलं आणि पदराची गाठ सोडत तिने विचारलं, "दादा, रात्रीचे किती घेता?"

इस्पितळाच्या आसपास सगळेच घेतात. तिने सरळपणाने विचारलं होतं. घड्याळजीला मान वर करता आली नाही. नर्सबाईने पुढे होऊन ती गाठ पुन्हा बांधून दिली.

आता ती बाई माझ्यावर झोपली आहे. माझा एक पाय डगमगतो, पट्ट्या सैल झाल्या आहेत, आणि एवढी वर्षं वाया गेल्याची लाज काही कमी झालेली नाही. माझं एकच मागणं आहे. तिचा माणूस बरा होऊन ती गेली, की माझी घडी घालू नका.