सहाशे चादरींचा प्रश्न

मी एक चादर. पांढरी म्हणवत नाही आता, कारण माझ्या पोटावर हातभर उंचीची काळी अक्षरं आहेत. ती कशी आली हे सांगायला मी इतकी अधीर झालेय, की गिरणीतला जन्म वगैरे चटकन उरकते. जाड सूत, घट्ट वीण, कोपऱ्यात निळा शिक्का : सैनिकी रुग्णालय. झालं.

तीन वर्षं मी तिथे काढली. रात्रभर कुणाच्या तरी अंगाखाली, सकाळी गाठोड्यात, मग तळघरातल्या लाँड्रीत. यंत्रात गरगर, वाफेच्या इस्त्रीखाली चटका, की पुन्हा वर. माणसं झोपेत चादरीचं टोक मुठीत धरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे? मोठमोठे अधिकारीसुद्धा धरतात. सकाळी कुणी कबूल करत नाही.

लाँड्रीची मुख्य होती मावशी. सगळं रुग्णालय तिला मावशीच म्हणायचं. रुंद खांदे, कोपरापर्यंत ओल्या बाह्या, बोलणं मोजकं. गाठोडं उचललं की आत किती चादरी आहेत ते सांगायची, आणि एखाददुसरी इकडेतिकडे सोडली तर तिचं चुकायचं नाही. एरवी दिवसाला दोनशेच्या आसपास चादरी धुवायला यायच्या.

मग सीमेपलीकडे लढाई सुरू झाली. सरकार तिला मोहीम म्हणायचं. महिन्याभरात रोज आठशे चादरी येऊ लागल्या, म्हणजे एरवीपेक्षा सहाशे जास्त. तिसऱ्या मजल्याला कुलूप लागलं, नातेवाइकांना बंदी झाली. लाँड्रीतल्या बायका जेवणाची सुट्टी अर्धी करून यंत्रं चालवत होत्या. असे दोन महिने गेल्यावर रेडिओवर संरक्षणमंत्र्यांचं निवेदन लागलं : मोहीम यशस्वी, जखमी फक्त चाळीस, तेही किरकोळ.

मावशी मला पिळत होती. तिचे हात थांबले.

"चाळीस?" ती म्हणाली. "चाळीस माणसं काय दिवसभर चादरी बदलत बसतात?"

शेजारच्या बाईने रेडिओ बंद केला.

मावशीची धाकटी बहीण बसमध्ये कंडक्टर. तिचा एकुलता एक मुलगा त्या लढाईवर गेलेला. नऊ आठवडे पत्र नाही, फोन नाही. संरक्षण खात्यात विचारलं की एकच उत्तर, माहिती नाही. त्या संध्याकाळी मावशी बहिणीकडे गेली ती मला बगलेत घेऊन. मी मधोमध फाटले होते. असल्या कंडम चादरी लादी पुसायला वाटून टाकत. माझ्या नशिबात मात्र लादी नव्हती.

"ताई, तुझी नोकरी जाईल," बहीण म्हणाली.

"जाऊ दे. दोन महिने खोटं धुतेय मी. आता हाताला वास येतोय त्याचा."

मला शिवून पेंटरकडे नेलं. त्याने चार जणींना चार टोकं धरायला लावली. "नीट ताणा," तो म्हणाला, "नाहीतर सरकारआधी माझी अक्षरंच वाकडी दिसतील." ब्रश गार होता, पण मला अंगभर ऊब वाटली. त्याने लिहिलं : चाळीस जखमींना सहाशे चादरी कशाला?

आणि मग तो मोर्चा. काय सांगू तुम्हाला. तोवर मी आडवीच असायची. माणसं माझ्यावर पडलेली असायची. त्या दिवशी पहिल्यांदा उभी राहिले, वारा भरून घेतला आणि माझ्या मागे माणसंच माणसं. शिक्षक, भाजीवाले, कॉलेजची पोरं, आधीच्या लढाईत पाय गमावलेला एक म्हातारा शिपाई. पुढे कंडक्टर बहीण. गच्च भरलेल्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा तिचा आवाज. तिला कर्णा लागलाच नाही. "लढाई थांबवा," ती म्हणायची, आणि रस्ता उत्तर द्यायचा, "हिशेब द्या." खिडक्या उघडत होत्या, माणसं जिने उतरत होती.

संरक्षण खात्याच्या इमारतीसमोर पोलिसांनी अडवलं. बऱ्याच वेळाने खात्याचे सचिव बाहेर आले. चष्मा सावरत त्यांनी मला दोनदा वाचलं.

"तुम्ही कोण?"

"सैनिकी रुग्णालयात चादरी धुते," मावशी म्हणाली.

"बाई, आकडे गोपनीय असतात."

"आकडा मी विचारतच नाही, साहेब. तो माझ्या हातांना ठाऊक आहे. मी नावं विचारतेय."

सचिव वळून आत गेले. मागे असा काही गलका उठला की माझे टाके उसवतात की काय असं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मावशीला निलंबित केलं. लाँड्रीतल्या बायकांनी धुणं मात्र थांबवलं नाही. वर पडलेल्या मुलांचं काय चुकलं? पण शिफ्ट संपली की ओल्या एप्रनसकट त्या येऊन रस्त्यावर बसू लागल्या. मग परिचारिका आल्या. मग दोन डॉक्टर आले, मान खाली घालून, आणि म्हणाले, "मावशी खरं बोलतात."

चौथ्या दिवशी दुपारी खात्याच्या भिंतीवर यादी लागली. तीनशे एक्क्याण्णव जखमी. बहिणीचं बोट एकेका नावावरून सरकत गेलं आणि थांबलं. तिचा मुलगा जिवंत होता. मावशी तळघरात काम करायची त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कुलपाआड. दोघी बहिणी रस्ताभर धावत गेल्या. आता कुणाची अडवायची छाती झाली नाही. त्याचा उजवा हात गेला होता. त्याने डाव्या हाताने आईचा पदर धरला आणि विचारलं, "एवढा उशीर का केलास?"

महिन्याच्या आत संरक्षणमंत्र्यांना पद सोडावं लागलं. चौकशी बसली, पहिली साक्ष मावशीची झाली, आणि तिला कामावर परत घ्यावं लागलं. लढाई मात्र अजून चालू आहे. म्हणून दर शनिवारी आम्ही त्याच इमारतीसमोर जमतो. माझी अक्षरं थोडी फिकटलीत, कडा विरल्यात; पेंटर म्हणतो, आणखी दोन हात मारले की ठणठणीत होईल.

मी पुन्हा फाटण्याआधी एवढंच मागते : या. ज्यांचं कुणी लढाईवर नाही, त्यांनीही या. मागच्या शनिवारी एका बाईंनी कंडक्टरला विचारलं, "तुमचा मुलगा तर सापडला, मग तुम्ही कशाला येता?"

माझं टोक घट्ट धरत ती म्हणाली, "यादीला दुसरं पान होतं, गेलेल्यांचं. अठ्ठ्याऐंशी नावं. त्यांच्या आया येतात ना, त्यांच्या शेजारी कोण उभं राहणार?"