काळी दोन

गाणं अर्धंही झालं नव्हतं तोच उखा शिंप्यानं ग्रामोफोनची सुई उचलली. इतक्या झटक्यानं की नव्या तबकडीवर ओरखडा उठता उठता राहिला. तबकडी मुकी होऊन फिरत राहिली. दुकानात दाटीनं बसलेल्या, ओट्यावर उभ्या राहिलेल्या, समोरच्या निंबाखाली टेकलेल्या तीस-पस्तीस माणसांपैकी कुणी हललं नाही.

"थांबाडं काबर?" ओट्यावरून फुलवंताबाईनं विचारलं. बांगड्यांची टोपली तिनं आज सकाळपासून डोक्यावर घेतलीच नव्हती.

"आखो काय ऐकनं शे?" उखा म्हणाला. "मढं उठाडी ऱ्हायनात जसं."

"आनि डफ?" मागून कुणीतरी बोललं. "रेवजी डफ वाजाडी ऱ्हायना का पोतं झटकी ऱ्हायना?"

भजनी मंडळाचा पेटीवाला सुपडू मांडीवर पेटी घेऊन कोपऱ्यात बसला होता. त्यानं एक सूर दाबला, मनाशी ताडून पाहिला आणि बोट तसंच ठेवून मान वर केली.

"काळी एक," तो म्हणाला. "उखाभाऊ, बुवा काळी एकवर उना."

रनाळ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कोरीटचे धुडकूबुवा डफावर वही, म्हणजे खानदेशी कथागीत, गायचे; मागे सूर धरणारे तीन झीलकरी आणि डफाला रेवजी. अकरा वर्षांपूर्वी, एक्कावन्न साली, मुंबईच्या एका कंपनीनं त्यांची तबकडी काढली होती. तापीच्या पुरात वाहून गेलेल्या बैलजोडीची वही. ती उखाच्या दुकानात हजारदा वाजली होती आणि दर वेळी पेटीच्या काळी दोनवरून, म्हणजे काळी एकहून चढ्या पट्टीतून, वाजली होती. त्या पट्टीत वरच्या सुराला गेलं की पुरुषाचा गळा फाटतो. बुवांचा फाटत नव्हता. रनाळ्याचं भजनी मंडळ हट्टानं काळी दोनमध्येच गायचं आणि खोकत खोकत घरी जायचं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बुवांचा ताफा जत्रेत यायचा. बैल दिसेनासे होतात त्या ओळीशी बुवा आले की गाव ओरडायचं, "चढव, बुवा, चढव!" पहिला हात वर जायचा तो उखाचा. आणि बुवा चढवायचे.

दुसरी तबकडी निघणार ही बातमी पौषात आली तेव्हापासून गावाला झोप नव्हती. कंपनी मध्येच व्हायोलिन घुसडेल. बुवांना पुस्तकातल्या मराठीत गायला लावतील. रेवजीचा हात आता कापतो, त्याच्या जागी मुंबईचा कुणी तबलजी बसवतील. उखाच्या ग्रामोफोनची स्प्रिंग दिवाळीतच तुटली होती. तबकडी यायच्या तोंडावर तो त्यानं नंदुरबारच्या घड्याळजीकडे नेला. घड्याळजीनं नवी स्प्रिंग बसवली, आतलं सगळं पुसून तेल दिलं आणि काढलेले जुने भाग कागदाच्या पुडीत बांधून परत केले. त्यातल्या एकेकाचं काम तो सांगत होता. उखा 'हां हां' म्हणत होता आणि ऐकत नव्हता. घरी आल्यावर त्यानं पुडी यंत्राच्याच सुया ठेवायच्या खणात टाकली आणि गावाला बजावलं, दुरुस्त झालेल्या यंत्रावर पहिलं वाजेल ते बुवांचं नवं गाणं. तोवर जुनंसुद्धा लावायचं नाही. गावानं हा नेम तीन दिवस कडक पाळला.

आणि आज व्हायोलिन नव्हतं, पुस्तकातली मराठी नव्हती, डफावर रेवजीच होता. फक्त गळा नव्हता. जड, रेंगाळणारा, कुणीही गाईल असा आवाज.

"दारू लागनी व्हई," एकजण म्हणाला.

"दारू नै, मस्ती," सुपडू म्हणाला. "कंपनीले काय कळस, काय बी गाऊ. रनाळावाला ऐकतीनच."

"आखाजीले बी असंच गाई," फुलवंताबाई म्हणाली. "पाव्हनास्ना समोर नाक कापाई आपलं."

होळीला गावानं बुवांना सुपारी दिली होती. आखाजी ठरली ती त्या सुपारीनं. बोलणं मोडायचं तर ताफ्याच्या घरून तीच सुपारी परत आणायची, असा रिवाज. ती आणायला जायचा प्रसंग रनाळ्यावर कधी आला नव्हता. ती आणायला आता उखाच निघाला. उखानं ग्रामोफोनचं झाकण आदळलं, कडी लावली, यंत्र सायकलच्या कॅरियरला सुतळीनं करकचून बांधलं. दोन्ही तबकड्या जुन्या धोतरात गुंडाळून पिशवीत घातल्या. नवी, बुवांना ऐकवायला. जुनी, त्यांच्या तोंडावर मारायला.

नंदुरबारच्या बाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या अजून उठल्या नव्हत्या. लाल धूळ घशात गेली, तरी तो थांबला नाही. खोकत, पायडल मारत तो वाक्यं जुळवत होता. अकरा वर्षं आम्ही वाट पाहिली. अकरा वर्षं दुसऱ्या कुणाची वही गावात वाजू दिली नाही. तो कोरीटच्या वाटेला लागला तेव्हा सगळी वाक्यं तयार होती आणि एकाहून एक कडू होती.

धुडकूबुवा अंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते. कॅरियरवरचा ग्रामोफोन पाहून ते लगबगीनं उठले.

"उना का?" ते म्हणाले. आवाज कुजबुजल्यासारखा होता. दिवसा ते गळा राखून बोलायचे. "मी घरमा म्हन्तच व्हतू, उखा फोनो लई ई. कंपनीनी दोन धाडात, एक तुले धाडी, पन आठे वाजाडू कसावर? ओ, ऐकीस का? पानी आन."

त्यांची बायको अनुसयाबाई पाणी घेऊन आली. उखानं तांब्या घेतला नाही. त्यानं ओट्यावर यंत्र ठेवलं, चावी दिली आणि नवी तबकडी लावली. बुवा पोरासारखे उकिडवे बसून ऐकू लागले. त्यांचं डोकं हळूहळू डोलू लागलं, तसतसा उखाचा जबडा आवळत गेला. त्यानं सुई उचलली.

"ऐकं?" तो म्हणाला.

"बेस शे," बुवा म्हणाले.

"बेस?" उखाचा आवाज फाटला. "बुवा, आम्हले काय समजतस तुम्ही? काळी दोनवर गायेल मानूस तुम्ही. आनि हाई काय धाडं? आम्ही बठा गाव कामधंदा सोडीसन बठनूत आनि तुम्ही जांभया दी ऱ्हायनात! सुपारी मांगाले उनू मी. सरळ सांगस. आखाजीले तुम्ही नका येवू."

बुवा उठून आत गेले. देवाच्या फळीवरून काहीतरी घेतल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी सुपारी उखाच्या समोर ओट्यावर ठेवली. हळद अजून तिच्या खाचांत होती.

"लई जाय," ते म्हणाले.

उखानं ती उचलली. इतकं सोपं जाईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि त्यामुळे राग आणखीच वाढला.

"अशी कशी लई जाय?" अनुसयाबाई उंबऱ्यातून पुढे आली. "उखाभाऊ, तुम्हना गावथून उना का हाऊ मानूस तीन-तीन दिन बोली नै सकस. गये साल रगत थुकं. लवंग, जेठमध, तूप, मन्हा जलम त्यामाच गया. चढव, चढव! तुम्हनं काय जास चढव म्हनाले?"

"वहिनी, आम्ही उगा नै म्हनतस. रेकॉर्डमा चढेल शे म्हनीसन म्हनतस."

"रेकाड काळी एकनंच शे," बुवा शांतपणे म्हणाले. "दोन्ही. मुंबईना पेटीवालानी दोन्ही वखतले मले काळी एकच दिधी. मन्हा गळा तठेच बठस."

"खोटं," उखा म्हणाला. त्याला हेच हवं होतं. "पैली काळी दोननी शे. मी रोज ऐकी शे. ल्या, तुम्हीच ऐका!"

त्यानं धोतराची घडी सोडून जुनी तबकडी काढली. वाजून वाजून तिच्या रेघा करड्या पडल्या होत्या. त्यानं सुई ठेवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

बैलजोडीची वही सुरू झाली. जड, खालून, सावकाश.

उखाची घडी सुटली. बुवांनी आतून आपली जुनी पेटी ओढत आणली, भाता उघडला, एक सूर दाबला. काळी एक. गाणं आणि सूर एकमेकांत असे मिसळले की पेटी वाजते आहे हेही कळेना.

"फोनो बिघाडा त्यानी!" उखा ओरडला. "त्या घड्याळजीनी! ढिला करी टाका!"

त्यानं पिशवीतून कापडावर रेघ मारायचा खडू काढला. फिरत्या चकतीच्या कडेला चटकन एक खूण केली, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि खूण चावीच्या बाजूला आली की मोजू लागला. ओठ हलत होते. गाणं संपेपर्यंत त्यानं दोनदा मोजलं, दर वेळी पूर्ण मिनिटभर. दोन्ही वेळा अठ्ठ्याहत्तर फेरे. मग चकती थांबवून त्यानं तबकडीवरच्या कागदाशी डोळे नेले. कंपनीच्या चित्राखाली बारीक आकडा छापलेला होता. इतक्या वर्षांत तो त्यानं कधी वाचला नव्हता. अठ्ठ्याहत्तर.

त्यानं त्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग सुयांचा खण उघडून त्यानं घड्याळजीची पुडी सोडली. तुटक्या स्प्रिंगच्या तुकड्याबरोबर चामड्याचा एक इवलासा तुकडा होता, घासून घासून कागदासारखा झालेला. आता घड्याळजीचं बोलणं त्याला आठवलं: हे आतल्या चाकाला धरून ठेवतं, आवरतं. हे झिजलं होतं. किती वर्षांपासून झिजलं होतं, देव जाणे. त्यानं दाराशी टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं. ब्रेकचं रबर झिजलं की उतारावर काय होतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. यंत्र त्यानं जुनंच घेतलं होतं. पहिल्या दिवसापासून ते ठरल्या वेगाच्या पुढे पळत होतं, आणि बुवांचा गळा वर ओढून नेत होतं.

"बुवा," तो म्हणाला. त्यानं चामडं त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि मोडक्या शब्दांत ते काय करतं ते सांगितलं.

बुवांनी ते उन्हात धरून निरखलं.

"पैली रेकाड उनी तवय मी तुन्हाच दुकानवर ऐकी," ते म्हणाले. "याद शे? मी बिचकनू. म्हनं, हाई मन्हं? इतलं वर? पन बठा लोक म्हनेत, वा बुवा. मग मी म्हनं, गायेल व्हई आपन, यंत्र थोडंच खोटं बोलस? आनि त्या आखाजीले तुम्ही म्हनेत, चढव." चामडं त्यांनी बोटांत फिरवलं. "एकदाव नंदुरबारले हाटेलमा ऐकी. खाले वाटनी. मी म्हनं, त्यास्ना फोनो खराब व्हई."

"अकरा साल," अनुसयाबाई म्हणाली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर उखानं त्या ऐकून घेतल्या असत्या. पण ती तेवढंच बोलली आणि पाण्याचा न प्यालेला तांब्या उचलून तुळशीत ओतला.

"तीच लाव," बुवा म्हणाले. "पैली."

उखानं चावी दिली. एका हातानं दिली, कारण दुसऱ्या मुठीत सुपारी होती आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. खिशात घातली तर रनाळ्याला न्यावी लागणार होती. फळीवर परत ठेवायची तर त्या घरात पाऊल टाकावं लागणार होतं.

तबकडी फिरू लागली. बुवांनी काळी एकवर बोट ठेवलं आणि डोळे मिटून तबकडीतल्या एक्कावन्न सालच्या माणसाबरोबर गायला सुरुवात केली. आधी कुजबुज होती, मग आवाज लागला. मानेची शीर फुगली नाही. खांदे वर गेले नाहीत. उखानं अकरा आखाज्या या माणसाला ऐकलं होतं, आणि हा आवाज त्यानं कधीच ऐकला नव्हता. अनुसयाबाई तुळशीजवळ पाठमोरी उभी होती, हातात रिकामा तांब्या.

तापी चढली. बैल मानेपर्यंत बुडाले. मग बैल दिसेनासे होण्याची ती ओळ आली.

उखाचा हात सवयीनं वर गेला. मूठ आवळलेली, आत सुपारी, तोंड अर्धवट उघडं.

बुवांनी डोळे उघडले. गाणं त्यांनी थांबवलं नाही. पण त्यांची नजर त्या हातावर होती.